दिसतंय तोवरच पडदा तपासून घ्या

कोल्हार भगवतीपूरच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही तुमच्याशी बोलतोय. चुलीवर भाकरी असेल तर असू द्या, हातात निवडायची मेथी असेल तर तीही चालू द्या. फक्त कान इकडे ठेवा.

आपला हा सगळा पट्टा साखरेचा. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून १९५० साली उभा केलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आपल्या शेजारीच आहे. उसाला भाव किती, टनेज किती निघालं, पहिला हप्ता कधी जमा होणार, हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. रक्तातल्या साखरेचा हिशोब मात्र आपण ठेवत नाही. गटाच्या बैठकीत विचारलं की बाया सांगतात, "हो, मला शुगर आहे, गोळी चालू आहे." पुढं विचारलं, "डोळ्यांचा पडदा कधी तपासला?" की सगळ्या एकमेकींकडे बघायला लागतात. कुणी म्हणते, "मला तर लख्ख दिसतंय." कुणी म्हणते, "चष्मा लावलाय की." कुणी म्हणते, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." आज आम्ही याच तीन उत्तरांबद्दल बोलणार आहोत. कारण शुगर असलेल्या बाईची नजर जाते, ती बहुतेक वेळा याच तीन उत्तरांच्या आडून जाते.

आधी पडदा म्हणजे काय ते बघू. आपल्या डोळ्यात पुढं एक भिंग असतं आणि आत, अगदी मागच्या भिंतीला, एक पातळसा थर असतो. त्याला आपण पडदा म्हणतो, डॉक्टर रेटिना म्हणतात. समोरचा उजेड भिंगातून आत जातो, पडद्यावर चित्र उमटतं आणि मागच्या नसेतून ते मेंदूकडं जातं. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसापेक्षाही बारीक असतात.

आता तुमच्या उसातलं ठिबक आठवा. पाण्यात क्षार जास्त असले की काय होतं? काही ठिकाणी नळीचं छिद्र बुजतं आणि तिथला ऊस वाळतो. काही ठिकाणी नळी फुगते, फुटते आणि नको तिथं पाणी साचतं. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्यातल्या नळ्यांचं असंच होतं. नळीची भिंत कमजोर पडते. तिला बारीक फुगे येतात. त्यातून रक्त आणि पाणी झिरपतं. काही नळ्या बंद पडतात आणि पडद्याच्या त्या भागाला रक्त मिळेनासं होतं. मग शरीर आपल्या परीनं नव्या नळ्या काढायला लागतं. पण या नव्या नळ्या अगदी कच्च्या असतात. त्या कधीही फुटतात आणि डोळ्याच्या आत रक्त पसरतं. पुढं त्या जागी जाळं धरतं, ते जाळं पडद्याला ओढतं आणि पडदा जागेवरून सुटतो. असा सुटलेला पडदा पुन्हा बसवणं फार अवघड असतं.

यात सगळ्यात फसवी गोष्ट ही की सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही, चिपडं येत नाहीत. सुईत दोरा ओवता येतो, तांदळातले खडे दिसतात. पडद्याच्या बरोबर मधोमध एक छोटीशी जागा असते. वाचणं, शिवणं, माणूस ओळखणं हे सगळं त्या जागेवर चालतं. बाजूला फुगे आले, रक्ताचे ठिपके पडले, तरी मधली जागा शाबूत असेपर्यंत आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणून "मला लख्ख दिसतंय" ही पडदा चांगला असल्याची खूण धरता येत नाही.

आमच्या एका गटातल्या सचिव ताईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीनं सांगतोय, नाव मात्र सांगत नाही. बारा वर्षं त्यांनी गटाची वही लिहिली. अक्षर असं की बँकेचे साहेबसुद्धा कौतुक करायचे. नऊ-दहा वर्षांपासून शुगर होती. गोळी कधी घ्यायची, कधी संपली की राहून जायची. एक वर्ष असं आलं की त्यांचे आकडे रकान्याच्या बाहेर जायला लागले. बचतीचा आकडा कर्जाच्या रकान्यात. त्यांनी वही बदलून मागितली. म्हणाल्या, "या वहीच्या ओळीच वाकड्या छापल्यात." वहीच्या ओळी सरळच होत्या. पडद्याच्या मधल्या जागी पाणी साचलं की सरळ रेघ वाकडी, लाटेसारखी दिसते.

त्याआधी त्या एका शिबिरात जाऊन आल्या होत्या. तिथं नंबर काढून चष्मा दिला होता, पडदा कुणी पाहिला नव्हता. नवा चष्मा लावूनही ओळी वाकड्याच राहिल्या, तेव्हा गटातल्या दोघी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डाव्या डोळ्यात रक्त उतरून गेलेलं होतं, उजव्यात पाणी साचलं होतं. इंजेक्शनं झाली, लेसर झालं. उजव्या डोळ्यानं आता त्या वाचतात, जाड अक्षर लिहितात. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत आली नाही. वही आता त्यांची सून लिहिते आणि या शेजारी बसून तोंडी हिशोब तपासतात. एकही आकडा चुकू देत नाहीत. पण त्या स्वतःच म्हणतात, "चार वर्षं आधी कुणी बाटलीतले थेंब टाकून बघितलं असतं, तर दोन्ही डोळे राहिले असते."

हे एकट्या आपल्या कोल्हारचं दुखणं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटींहून जास्त आहेत असा अंदाज निघाला. आणि केंद्र सरकारनं २०१५ ते २०१९ या काळात डोळ्यांच्या पडद्याचं सर्वेक्षण केलं, त्यात पन्नाशीपुढच्या मधुमेही माणसांपैकी साधारण सहांतल्या एकाच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. आपल्या गटाच्या बैठकीला शुगरवाल्या सहा जणी बसल्या असतील तर त्यातली एक, असा हिशोब धरा. कोणती ते बघून सांगता येत नाही, आणि तिलाही माहीत नसतं.

दुसरं एक ऐका. इंग्लंडमध्ये १९७७ पासून वीस वर्षं नव्यानं मधुमेह सापडलेल्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. ज्या दिवशी शुगर आहे असं कळलं, त्याच वेळी त्यांच्यातल्या तीन जणांत एकाहून जास्त लोकांच्या पडद्यावर खुणा होत्या. म्हणजे शुगर आपल्याला कळण्याआधी कित्येक वर्षं ती आत काम करत असते. म्हणून मोठ्या वयात सुरू होणारी शुगर ज्या दिवशी कळली, त्याच महिन्यात पडदा तपासायचा आणि मग दर वर्षी एकदा तपासायचा. लहान मुलाला किंवा तरुण मुलीला इन्सुलिनवाला मधुमेह असेल, तर सुरुवातीपासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि पुढं दर वर्षी. पडद्यावर खुणा सापडल्या असतील तर डॉक्टर तीन-चार महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी बोलावतील. ती तारीख चुकवायची नाही.

आता दुसरं उत्तर, "चष्मा लावलाय की." चष्म्याचा नंबर काढताना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. त्यात किती दिसतं ते कळतं, पडदा कसा आहे ते कळत नाही. आणखी एक. साखर फार वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. अशा वेळी काढलेला चष्मा महिन्याभरात चुकीचा ठरतो आणि पैसे वाया जातात. म्हणून आधी साखर ताळ्यावर आणायची, मग नंबर काढायचा.

पडद्याची तपासणी कशी असते ते नीट सांगतो, कारण पुष्कळ जणी नुसत्या भीतीनं जात नाहीत. डोळ्यात थेंब टाकतात. थोडं चुरचुरतं. अर्ध्या-पाऊण तासात डोळ्याची बाहुली मोठी होते. मग डॉक्टर कपाळावर दिवा लावून आणि हातात भिंग धरून आत बघतात, किंवा यंत्रानं पडद्याचा फोटो काढतात. सुई नाही, काप नाही, दुखत नाही. शरीर न कापता आतल्या रक्ताच्या नळ्या थेट डोळ्यांनी दिसतात अशी ही एकच जागा आहे. त्यामुळं पडदा बघून बाकी शरीरातल्या नळ्यांचाही अंदाज येतो. पडद्यावर खुणा सापडल्या तर किडनीसाठी लघवीची तपासणी करायला सांगतात, ती त्यासाठीच.

थेंब टाकल्यावर मात्र तीन-चार तास, कधी त्याहून जास्त, जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. गाडी चालवता येत नाही, रस्ता ओलांडताना धोका असतो. म्हणजे सोबत कुणीतरी लागतं. आणि खरी अडचण इथंच आहे. घरातला माणूस म्हणतो, "आज पाणी द्यायचंय, पुढच्या आठवड्यात जाऊ." मुलगा कामावर असतो. बाई म्हणते, "माझ्या एकटीसाठी कशाला सगळ्यांचा दिवस मोडायचा?" आणि तो पुढचा आठवडा येतच नाही. याचं उत्तर आपल्या गटाकडं आहे. ते शेवटी सांगतो.

तिसरं उत्तर, "मोतीबिंदू असेल." असूही शकतो. शुगरवाल्या माणसाला मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर येतो. मोतीबिंदूत पुढचं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं भिंग बसवता येतं आणि नजर परत येते. पण पडदा खराब झाला असेल तर तो बदलता येत नाही. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलेल्या बाईचा पडदा आतल्या आत खराब होत असेल, तर नवं भिंग बसवूनही दिसणार नाही. मग गावात बोलबाला होतो की ऑपरेशन फसलं. म्हणून शुगर असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी विचारायचं, "डॉक्टर, माझा पडदा तपासला का?" हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही.

काही जणी म्हणतील, "आम्ही बारीक. दिवसभर शेतात राबतो. आम्हाला कुठली शुगर?" याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या बायांनी दिलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाया आपल्यासारख्याच. शेतात कष्ट करणाऱ्या, अंगानं किरकोळ. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या बाळांचं होतं साडेतीन किलोच्या आसपास. पण आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानानं चरबी जास्त निघाली. वरून सडपातळ, आतून चरबी. अशा घडणीच्या माणसाला पुढं मधुमेह व्हायला फार जाडी लागत नाही. तेव्हा बारीक अंगाच्या भरवशावर राहू नका. तिशी ओलांडली की आशाताईंना सांगून उपकेंद्रावर किंवा आरोग्य केंद्रात शुगर आणि रक्तदाब तपासून घ्या. सरकारच्या कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे.

आता समजा पडद्यावर खुणा सापडल्याच, तर पुढं काय? घाबरायचं नाही. अगदी सुरुवातीच्या खुणा असतील तर डोळ्याला काहीच करावं लागत नाही. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा आणि दिलेल्या तारखेला पुन्हा दाखवायचं. मधल्या जागी पाणी साचलं असेल तर डोळा बधिर करून आत औषधाचं इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण काही क्षणांचं काम असतं. एका इंजेक्शनात मात्र भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला काही घ्यावी लागतात. पहिल्या इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून दुसरं टाळायचं नाही. कच्च्या नळ्या फुटायला लागल्या असतील तर लेसरनं पडद्याच्या कडेचा भाग शेकतात, म्हणजे त्या नळ्या सुकतात. लेसरनं डोळे जातात असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. अमेरिकेत १९७६ साली जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की लेसरमुळं नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. हे खरं की लेसर गेलेली नजर आणून देत नाही. ते उरलेली नजर राखतं. रात्रीचं आणि कडेचं थोडं कमी दिसू शकतं. डोळ्यात रक्त साठलं असेल किंवा पडदा ओढला गेला असेल तर ऑपरेशन लागतं. म्हणजे जितका उशीर, तितका उपचार मोठा, खर्च मोठा आणि हाती लागणारी नजर कमी.

आणि मैत्रिणींनो, मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब, गुलाबपाणी, मध, डोळ्यात घालायचा कसला रस, यातलं काहीही पडद्यापर्यंत पोचत नाही. पडदा डोळ्याच्या आत, मागे आहे. डोळ्यात मध किंवा रस घातला तर वरच्या बुबुळाला जखम होईल ती वेगळीच.

पडदा वाचवायचं अर्धं काम आपल्या हातात आहे. अमेरिका आणि कॅनडामधल्या इन्सुलिन घेणाऱ्या तरुण मधुमेहींचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी साखर कसून ताब्यात ठेवली, त्यांच्यात पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मघाशी सांगितलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात १९९८ साली दिसलं की रक्तदाब कसून ताब्यात ठेवला तर पडदा आणखी बिघडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. ठिबकच्या नळीला आधीच भेगा असतील आणि मोटारीचा दाब वाढवला तर काय होईल? तसंच हे. म्हणून शुगरच्या गोळीइतकीच बीपीची गोळी महत्त्वाची.

तीन महिन्यांच्या साखरेची एक तपासणी असते, तिला एचबीएवनसी म्हणतात. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी गोड बंद केलं की उपाशीपोटीची साखर चांगली येते, पण ही तीन महिन्यांची तपासणी फसत नाही. बहुतेकांना ती ७ च्या खाली ठेवायला सांगतात. वय आणि इतर आजार बघून तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. तो आकडा विचारून घ्या आणि लिहून ठेवा. साखर नॉर्मल आली म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. नॉर्मल आली ती गोळीमुळं आली.

खाण्याबद्दल थोडंच सांगतो. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चहा शुगरला चालतो असं नाही. गुळानंही साखर वाढते, आणि तो आपल्या उसाचा असला तरी वाढते. भाकरी चांगली, पण तीही मोजून. ताटात पालेभाजी, डाळ, मटकी, काकडी वाढवा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर गोड चहा, यानं साखर एकदम चढते. उलट गोळी घेऊन दिवसभर निरंकार राहिलं तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात, चक्कर येते. नवरात्रात भगवतीमातेच्या देवळात नऊ दिवस उपवास करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. उपवास धरण्याआधी गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. देवी काही औषध सोडायला सांगत नाही. आणि मिश्री, तंबाखू सोडा. आधीच अशक्त झालेल्या नळ्यांवर तो आणखी एक मार.

घरात गरोदर मुलगी किंवा सून असेल तर हे नीट ऐका. जिला आधीपासून शुगर आहे, तिचा पडदा गरोदरपणात झपाट्यानं बिघडू शकतो. तिची तपासणी दिवस राहण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत करायची, पुढं डॉक्टर सांगतील तशी. जिला आधी नव्हती, तिला पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात. ती तपासणी चुकवू नका. गरोदरपणात निघालेली शुगर बाळंतपणानंतर बहुधा जाते, पण पुढच्या आयुष्यात परत येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा आणि मग दर वर्षी साखर तपासायची. बाळाच्या लसीच्या तारखा आपण लक्षात ठेवतो. त्याच कार्डावर आईची ही तारीखही लिहा.

घरी करायची एक साधी सवय सांगतो. भिंतीवर तारखांचं कॅलेंडर असतंच. चष्मा असेल तर तो लावून समोर उभं राहा. आधी एक डोळा तळहातानं झाका आणि बघा. मग दुसरा झाका आणि बघा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकून टाकतो, म्हणून एकेक डोळा वेगळा बघायचा. तारखांच्या चौकोनांच्या रेघा वाकड्या दिसतात का? मधोमध डाग दिसतो का? एका डोळ्याला अंधूक आहे का? तसं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि अचानक डोळ्यापुढं काळे ठिपके, कोळ्याची जाळी, लालसर धूर दिसला, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर आठवडाही थांबायचं नाही. त्याच दिवशी निघायचं. ही घरची सवय मात्र वर्षाच्या तपासणीची जागा घेत नाही, कारण सुरुवातीच्या खुणा कॅलेंडरवर दिसत नाहीत.

आता गटाचं काम. उमेदच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला पाठ आहेत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. सहावं सूत्र आरोग्याची काळजी. ते आपण वाचतो आणि पुढं जातो. कोल्हारच्या गटांनी ठरवलंय की या सहाव्या सूत्राला वहीत एक पान द्यायचं. त्या पानावर शुगर असलेल्या प्रत्येकीचं नाव, शुगर कधी कळली, पडदा शेवटचा कधी तपासला आणि पुढची तारीख. बचत आली का विचारतो तसंच बैठकीत विचारायचं, "पडदा झाला का?" पान बघायचं ते फक्त गटानं. कुणाचं दुखणं गावभर करायचं नाही. एखादीला नाव लिहायचं नसेल तर तिच्या मनाविरुद्ध लिहायचं नाही.

सोबतीचा प्रश्नही गटानंच सोडवायचा. पाच-सहा जणींनी एकाच दिवशी जायचं. आपल्या जवळ लोणीला प्रवरा मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे, तिथं नेत्रविभाग आहे. जायच्या आधी चौकशी करायची की पडदा कोणत्या वारी बघतात. बरोबर दोघी अशा घ्यायच्या ज्यांच्या डोळ्यात थेंब पडणार नाहीत. डोक्यावर पदर, काळा चष्मा असेल तर तो, घरची भाकरी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने कागद, रेशनकार्ड आणि आधार. लेसर किंवा ऑपरेशन निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. जे बसत नाही, त्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे. म्हैस घ्यायला आपण कर्ज देतो. त्या म्हशीची धार काढणारीच्या डोळ्यांसाठी द्यायला मागंपुढं पाहू नये.

वर्षाची तारीख लक्षात राहावी म्हणून आम्ही संक्रांतीचा महिना धरलाय. त्या महिन्यात आपण एकमेकींकडं वाण घेऊन जातो. यंदा गटातल्या प्रत्येक शुगरवाल्या बाईला तपासणीची सोबत, हेच वाण. आणि ज्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं लोक टाळतात, त्या आमच्या एकल मैत्रिणींना आधी घ्यायचं. दवाखान्यात सोबत न्यायला घरात कुणी नाही, अशा त्याच जास्त असतात.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. स्वतःला शुगर असेल तर शेवटचा पडदा कधी तपासला ते आठवा. आठवलं नाही तर तपासला नाही असं समजा. घरात सासूबाईंना, आईला, मालकांनाही विचारा. आणि पुढच्या बैठकीत वहीचं ते पान उघडा. तुमच्या गटात किती नावं निघाली आणि किती जणी जाऊन आल्या, ते आम्हाला जरूर कळवा.

इथंच थांबतो. सगळ्या जणींना कोल्हारच्या गटांचा नमस्कार.